फुकट चढलेली रेघ

दचकू नका. दचकायचं काम माझं आहे, तुम्ही निवांत बसा. मी एक रेघ बोलतेय. वहीत पट्टी धरून मारतात तसली सरळ रेघ नव्हे. त्यांचं आयुष्य सुखाचं असतं. मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची, निळी, सुतासारखी बारीक आणि जन्मापासून वेडीवाकडी. माझ्या मालकिणीने पोकरच्या ऑनलाइन स्पर्धांमध्ये किती कमावलं आणि किती घालवलं, हे दाखवण्यासाठी मला जन्माला घातलं गेलं. ती जिंकली की मी वर, ती हरली की मी खाली. मला कुठे जायचंय, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

माझा जन्म शून्यावरचा. मालकीण तेव्हा एका विमा कंपनीत आकडेमोड करायची. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली, पत्त्यांमध्ये डोकं चालणारी. कंपनीने तिचं अख्खं खातंच गुंडाळलं तेव्हा, दुसरी नोकरी मिळेपर्यंत काहीतरी हवं म्हणून ती पोकरकडे वळली. पण स्वभाव हिशेबी. खेळायला बसण्याआधी तिने एक शीट उघडली, रकाने आखले: तारीख, स्पर्धेचं नाव, प्रवेश फी, कितवा नंबर आला, बक्षीस, नफा. मग कुठलंसं बटण दाबलं आणि मी एक निळा ठिपका होऊन डोळे उघडले. पहिल्याच स्पर्धेत ती बाद झाली. बाळं जन्मल्यावर रडतात. मी घसरले.

या खेळाची रीतच तशी आहे. हजारो माणसं फी भरून एका स्पर्धेत उतरतात, त्यातल्या थोड्यांना बक्षीस मिळतं आणि मोठी रक्कम शेवटच्या दोघातिघांना. म्हणजे चांगल्या खेळाडूच्या नशिबीसुद्धा बहुतेक वेळा हरणंच. त्यामुळे माझं आयुष्य असं: मी पायरी पायरीने जिना उतरत असते, उतरत असते, पार तळघराचा वास येईपर्यंत, आणि मग अचानक कुणीतरी बखोटीला धरून मला थेट गच्चीवर नेऊन ठेवतं. श्वास घ्यायला उसंत नाही. लगेच पुन्हा जिना.

त्यात मालकीण एका वेळी एक स्पर्धा खेळत नाही. आठ खेळते. स्क्रीनवर आठ हिरवी टेबलं, एखाद्या इमारतीच्या खिडक्यांसारखी एकाला एक लागून. तिची पाळी आली की ते टेबल टुंग करतं. इकडे टुंग, तिकडे टुंग, कधी तीन ठिकाणी एकदम. प्रत्येक टुंगला माझं काळीज हलतं. तिचं नाही हलत. माउस इकडून तिकडे फिरतो, ती पत्ते टाकते, पैसे लावते, एक टेबल बंद करते, त्याचा निकाल शीटमध्ये भरते, एंटर दाबते. मी सरकते. तोवर दुसरीकडे टुंग.

हे बघून तिच्या सासूबाईंनी तिचं नाव ‘अष्टावधानी’ ठेवलं. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. सून खेळायला बसली की त्या मागे खुर्ची टाकून मटार सोलत बसायच्या.

“आमच्या एक्स्चेंजमध्ये असतीस तर लवकर सुपरवायझर झाली असतीस,” त्या म्हणाल्या. “मी पण एका वेळी सात-आठ लायनी सांभाळायचे. पण आमच्याकडे माणसं निदान हॅलो तरी म्हणायची. हे तुझे लोक नुसतेच पैसे घेऊन जातात.”

“कधीकधी देतातही, आई.”

“देताना मला हाक मार. मी नेमकी स्वयंपाकघरात असते.”

सासूबाईंच्या रक्तातल्या साखरेचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता, त्याच्यावरही एक रेघ होती. त्यामुळे मी त्यांना परकी वाटले नाही. येता-जाता त्या स्क्रीनकडे बघून विचारायच्या, “आज काय गं हिची तब्येत? उपाशीपोटी की जेवणानंतर?” खाली असले तर “हिला जरा फिरायला ने” म्हणायच्या. वर असले तर त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी यायची, कारण त्यांच्या फ्रिजवरची रेघ वर गेलेली चांगली नसते. ही सवय काही त्यांची अजून गेलेली नाही.

तिसरा माणूस म्हणजे मालकिणीचा नवरा. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून “वरची ओळ वाचा, आता खालची वाचा” करायचा आणि घरी आल्यावर बूट काढायच्या आधी माझ्याकडे बघायचा. बायकोकडे नंतर. मला अवघडल्यासारखं व्हायचं, पण खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

एकदा मी लागोपाठ चार आठवडे उतरत राहिले. त्याला घास जाईना.

“अगं, तुझं काही चुकत तर नाहीये ना?” त्याने विचारलं.

“हा व्हेरियन्स आहे,” ती म्हणाली. “चढउतार. थांब, दाखवते.”

तिने कॉम्प्युटरला सांगितलं, की माझ्यासारखीच खेळणारी वीस माणसं घे, सगळ्यांचं कसब अगदी सारखं, फक्त नशीब वेगळं, आणि त्यांच्या रेघा काढ. आणि बघता बघता माझ्या अवतीभवती वीस करड्या रेघा उगवल्या. मी केवढी दचकले. मला बहिणी आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातली एक स्क्रीनच्या छपरातून आरपार गेली. एक तळ फोडून खाली गेली. बाकीच्या मधे कुठेतरी लडखडत होत्या.

“कसब सारखं आणि एवढा फरक?” नवरा म्हणाला.

“हो. म्हणून चार आठवड्यांवरून काही कळत नाही. वर्षावरूनही नीट कळत नाही.”

“मग कळतं कधी?”

“फार उशिरा,” ती म्हणाली. एक बटण दाबलं आणि माझ्या बहिणी नाहीशा झाल्या. मी पुन्हा एकटी. त्या रात्री त्याला घास गेला, पण मला मात्र सारखं वाटत राहिलं, की एकवीसजणींतली मी नेमकी कितवी.

आता तिकिटांची गोष्ट सांगते, कारण माझ्या आयुष्याचा सगळा घोळ तिथे आहे.

मोठ्या स्पर्धांची फी भारी असते. ती परवडत नाही त्यांच्यासाठी छोट्या स्पर्धा असतात. त्यात बक्षीस म्हणून रोख पैसे मिळत नाहीत, मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळतं. मालकीण अशा छोट्या स्पर्धांमध्ये तरबेज. तिकीट मिळालं की बक्षिसाच्या रकान्यात ती त्या तिकिटाची पूर्ण किंमत भरायची. भरायलाच हवी, जिंकलं होतं ना. मी टुणकन वर. मग रविवारी त्याच तिकिटावर ती मोठ्या स्पर्धेत उतरायची आणि त्या ओळीत, प्रवेश फीच्या रकान्यात, लिहायची: फुकट.

फुकट म्हणजे शीटच्या दृष्टीने शून्य. मोठ्या स्पर्धेत ती बाद झाली तरी मी जागची हलायचे नाही. हरूनही न पडणं, याची मजा रेघेलाच विचारावी. मला वाटायचं, काय ही मोठी स्पर्धा दिलदार आहे.

तर अशी तिकिटं मिळत गेली, मधूनमधून खरं बक्षीसही मिळालं आणि वर्षभरात मी चांगली उंचावर पोचले. वर हवा गार असते, सगळे तुमच्याकडे मान वर करून बघतात. नवऱ्याची मान तर इतकी वर, की एका रविवारी त्याने मनातलं बोलूनच टाकलं. त्याला स्वतःचं चष्म्याचं दुकान काढायचं होतं. कोपऱ्यावरचा एक गाळा रिकामा होता. मालकिणीने माझ्या डोक्यावर एक आडवी हिरवी रेघ ओढली.

“ही इथपर्यंत पोचली, की अनामतही निघते आणि दुकान चालायला लागेपर्यंत घरात वर्षभराचा खर्चही राहतो,” ती म्हणाली. “मग तू खुशाल नोकरी सोड.”

माझ्या डोक्यावर टांगलेली ती रेघ बघून मला झोप लागेना. पण मी पोचले. आणखी एक तिकीट मिळालं आणि मी हिरव्या रेघेला डोकं टेकवलं. सासूबाईंनी मला मिरच्या ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. शुक्रवारी नवऱ्याने दुकानाच्या मालकांना तोंडी सांगून टाकलं, की महिन्याभराने मी येणार नाही. रविवारी सकाळी गाळ्याच्या कागदावर सही करायची ठरली. तो तिकडे सही करणार, फोन करणार आणि इकडून ही अनामत पाठवणार.

पोकरचे पैसे तीन वेगवेगळ्या साइटवर पडलेले होते. आजवर ती लागेल तसे थोडे थोडे काढायची, घरखर्चाला द्यायची आणि तेही वेगळ्या रकान्यात लिहून माझ्यातून वजा करायची. सगळेच्या सगळे पैसे एका जागी तिने या वेळी पहिल्यांदा आणले. शेवटचा हप्ता त्या रविवारी सकाळीच बँकेत जमा झाला. नवरा नवा शर्ट घालून बाहेर पडला होता. तिने बेरीज केली आणि माझ्याकडे बघितलं.

मग परत बेरीज केली.

मी जेवढी उंच होते, तेवढे पैसे बँकेत नव्हते. बरेच कमी होते.

घरात धावपळ उडाली. आधी तिला वाटलं, कुणीतरी खातं फोडलं. तिने सगळे पासवर्ड बदलले, एकाचा बदललेला लगेच विसरली. मग साइटवर संशय. मग बँकेवर. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “आई, तुम्ही मोबाइलवरून काही मागवलं होतं का हो?”

“दोन उशा मागवल्या होत्या. त्याही परत केल्या, टणक होत्या,” सासूबाई म्हणाल्या. “काय झालं? अशी पांढरीफटक का पडलीस?”

त्या हात पुसत येऊन खुर्चीवर बसल्या. मालकीण शीट वरून खाली, खालून वर फिरवत होती आणि पुटपुटत होती. सासूबाईंनी चष्मा लावला. त्यांना सगळे रकाने कळायचे नाहीत, पण वाचायला येत होतं.

“हे फुकट काय गं? इथे फुकट, इथे फुकट. परत इथे. एवढं फुकट कोण देतं तुला?”

“ते तिकिटावर खेळले ना, म्हणून. फी भरावी लागली नाही.”

“तिकीट कुठून आलं?”

“जिंकले होते. हे बघा ना, वरच्या ओळीत बक्षीस म्हणून त्याची किंमत धरलीय.”

“बरं. म्हणजे ते पैसे मिळाले.”

“पैसे नाही, आई, तिकीट. ते वापरलं की संपलं.”

“मग संपलं ते कुठे लिहिलंस?”

मालकिणीच्या हातातला माउस थांबला. आठ टेबलं एकदम टुंग करत असतानाही तो कधी थांबला नव्हता.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी वरून खाली बघितलं. प्रत्येक तिकीट मला एकदा वर चढवून गेलं होतं आणि उतरवायला कुणी आलंच नव्हतं. मी कमाईवर उभी नव्हते. मी वापरून फेकलेल्या तिकिटांच्या ढिगावर उभी होते.

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा.

आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. बँकेत जे होते, त्यात अनामत आरामात भागत होती. तिने बोट टेकवलं असतं की पैसे गेले असते, त्याने सही केली असती, संध्याकाळी पेढे नाहीतर काहीतरी आलं असतं. फक्त त्यानंतर घरात दीड महिना पुरेल एवढंच उरलं असतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला कळलं नसतं. शीटमध्ये मी तशीच उंच, दिमाखात उभी राहिले असते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. सासूबाईही बघत होत्या. फोन वाजत होता.

तिने उचलला नाही. फुकट लिहिलेल्या पहिल्या ओळीवर गेली, तो शब्द पुसला, खरी फी लिहिली आणि एंटर दाबलं.

मी पडले. मग दुसरी ओळ. मग तिसरी. आजवर मी एका एका पायरीने उतरायचे, त्या दिवशी मजलेच्या मजले गेले. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी हिरव्या रेघेपासून इतकी खाली होते, की ती दिसायला तिला स्क्रीन वर सरकवावी लागली असती. शेवटचं एंटर दाबून तिने फोन घेतला आणि सासूबाईंनाही ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.

“अगं, पाठवलेस का? मालक पेन घेऊन बसलेत.”

“सही करू नकोस.”

“का? बँकेचं ॲप बंद आहे?”

“ॲप चालू आहे. माझी रेघ पडली. घरी ये, सांगते.”

तिकडून त्याचं बोलणं लांबून ऐकू आलं, तो गाळ्याच्या मालकांना सांगत होता, “घरची लाईन पडलीय, जावं लागेल.” आणि मालकांचा आवाज: “आमच्याकडे तर वीज आहे की.”

सासूबाईंना हसू आलं. मग त्यांनीच ते गिळलं.

तो आला, बुटांसकट खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे येणारी माणसं पहिल्यांदा अक्षरांच्या तक्त्याकडे बघत असतील तसं, डोळे बारीक करून.

“किती पडली?”

“गेल्या वर्षी होती तिथे आली. थोडी वर.”

“मग वर्षभर मी काय बघत होतो?”

“तिकिटं,” ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, एकही ओळ न गाळता. शेवटी तो एवढंच म्हणाला, “म्हणजे आता तुला हा खेळ जमतो की नाही, हेही माहीत नाही.”

“नाही माहीत.”

“आणि मी शुक्रवारी नोकरी सोडतो म्हणून आलोय.”

यावर सासूबाई म्हणाल्या, “तोंडाने सांगितलंयस ना? मग तोंडानेच परत घे. उद्या सकाळी जा, मालक नुकतेच पोटभर नाश्ता करून आलेले असतील तेव्हा.”

त्याला परत घेतलं. पण डोळे तपासायची खुर्ची मालकांनी तीनच दिवसांत भाच्याला कबूल केली होती. आता तो मागच्या खोलीत मशीनवर काचा घासतो. त्याला गप्पांची फार आवड होती हो. काच काही बोलत नाही. गाळ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलंय.

मालकिणीनेही स्वतःला सोडलं नाही. एका छोट्या विमा कचेरीचं अर्ध्या दिवसाचं काम तिने घेतलं. खेळते ती फक्त सुट्टीच्या दुपारी, आणि आठऐवजी चार टेबलं. सासूबाईंनी नावातली निम्मी अवधानं कापून टाकली. आता त्या तिला ‘चतुरवधानी’ म्हणतात, आणि ती चिडली की “बढती हवी असेल तर हिशेब दाखव” म्हणतात. महिनाअखेर त्या चष्मा लावून बँकेतली आणि साइटवरची शिल्लक मोठ्याने वाचतात, सून शीटशी पडताळते. ऑपरेटर होत्या, त्यामुळे आकडा दोनदा म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. जुळलं, की मगच मला पुढे सरकायची परवानगी. ‘फुकट’ हा शब्द आमच्या शीटमधून हद्दपार झालाय.

एकच गोष्ट मला लागली. नवरा माझ्याकडे बघेनासा झाला. घरी आला की बूट काढतो, आईची तब्येत विचारतो, हातपाय धुतो. स्क्रीनवरून त्याची नजर अशी घसरते, जशी न पटणाऱ्या नातेवाइकावरून घसरावी. रागावला असता तर परवडलं असतं. मी तेव्हा खोटी होते, हे मला मान्य आहे. पण आता मी खरी आहे आणि आता मला कुणी बघत नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. वजनाची असेल, मुलाच्या मार्कांची असेल, फ्रिजवरची असेल. तिच्याकडे रोज उठून टक लावू नका, आम्हाला धडकी भरते. पण आम्ही खाली जाताना दिसलो, तर तोंडही फिरवू नका. आम्हाला उंचीचं काही पडलेलं नाही. आम्ही जिथे आहोत तिथेच दिसावं, एवढंच म्हणणं.

परवाच्या सुट्टीला मात्र एक झालं. दुपारची वेळ. मालकीण दोन टेबलांवर बाद झाली होती, तिसऱ्यावर चांगली पुढे होती आणि तिथेही एका पत्त्याने तिचा घात केला. तिने शीट उघडली, फी लिहिली, बक्षिसात शून्य. एंटरवर बोट ठेवलं आणि तिला कळलं, की मागे कुणीतरी उभं आहे. तो होता. काच घासून पांढरी झालेली बोटं रुमालाला पुसत होता, आणि माझ्याकडे बघत होता.

ती दचकली. मीही. तिचं बोट तसंच अधांतरी.

“दाब की,” तो म्हणाला.

तिने दाबलं. मी एक पायरी खाली आले, त्याच्या डोळ्यांदेखत. तो वाकला, डोळे बारीक केले आणि माझ्या टोकाशी, जिथे मी नुकतीच येऊन टेकले होते, तिथे बोट लावलं.

“इथे ना?”

“इथे.”

“बरं,” तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. “उरलेलं टेबल कुठलं ते दाखव.”